उन्हाळा सरला की बॅकअपची डिस्क उघडत नाही: कारणं, उपाय आणि डेटा ठेवायचा कशावर

जून लागतो, पहिला पाऊस पडून हवा जरा निवते आणि अमळनेरच्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दरवर्षी तीच तक्रार सुरू होते. कोणाच्या हातात पोर्टेबल हार्ड डिस्क, कोणाकडे पेन ड्राइव्ह, कोणी लग्नाच्या डीव्हीडीची पेटीच पिशवीत घालून आणतं. चोपड्याचा माणूस असो की पारोळ्याचा, बोलणं एकच. "दादा, दिवाळीला चांगली चालत होती. तेव्हापासून कपाटातून काढलीसुद्धा नाही."

कपाटातून काढली नाही म्हणजे जपली, असं आपण धरून चालतो. भांडी, दागिने, पैठणी यांच्या बाबतीत ते खरं आहे. डेटाचं तसं नाही. मार्च ते जून ते कपाट ज्या खोलीत असतं तिथे काय होतं हे नीट पाहिलं, तर "कोणत्या कंपनीची डिस्क घेऊ" याच्या आधी "ठेवू कुठे आणि उघडून कधी बघू" हे विचारावं लागतं. आधी माझ्या घरात घडलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं मी त्यातून शिकलोय.

माझी मोठी माय, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, कानबाई या आमच्या खानदेशातल्या देवीची गाणी म्हणायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की रात्रभर तिचा आवाज चालायचा. अहिराणीतली ती गाणी तिला कोणी लिहून दिलेली नव्हती, सगळी तोंडपाठ. 2008 साली एका नातेवाइकाच्या हँडीकॅमवर आम्ही तीन तासांचं रेकॉर्डिंग केलं आणि दोन डीव्हीडी बनवून घेतल्या. 2013 मध्ये त्यातली एक अडखळायला लागली, म्हणून सगळं एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरवलं आणि निश्चिंत झालो. डिस्क ठेवली वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. मोठी माय 2016 ला गेली. 2019 च्या मे महिन्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या मुली माहेरी आल्या, तेव्हा भर दुपारी मी ती डिस्क काढून लावली. हातात धरवत नव्हती इतकी तापलेली. टिक, टिक, टिक आवाज करायची आणि थांबायची. मी काढून परत लावली. दहा-बारा वेळा तरी. मोठी ताई शेजारी उभी राहून एकच विचारत होती, "मायना आवाज शे का त्यामा?"

रिकव्हरीवाल्याने नंतर सांगितलं की आतल्या फिरणाऱ्या चकत्यांवरचा डेटा वाचणारं हेड खराब होऊन चकत्यांवर ओरखडे गेलेत, आणि परत परत चालू केल्याने ते वाढले असणार. डीव्हीडी काढून बघितल्या तर दोन्ही वाचेनात. तीन तासांपैकी आज आमच्याकडे अकरा मिनिटं आहेत, तीही एका भाच्याच्या जुन्या मेमरी कार्डात पडून राहिली होती म्हणून.

डिस्क आत्ता हातात आहे आणि उघडत नाही, तर

टिकटिक किंवा खरखर आवाज येत असेल तर लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. तो आवाज म्हणजे आतलं हेड जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. अशा वेळी कोणतंही सॉफ्टवेअर कामाचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचा तो जुना उपाय तर करूच नका, आत दव धरतं. धूळमुक्त खोलीत डिस्क उघडून काम करणारा रिकव्हरीवालाच तिथे लागतो आणि ते काम महाग असतं. आज पैसे नसतील तर डिस्क गार, कोरड्या जागी बंद ठेवा. पुढच्या वर्षीही प्रयत्न करता येतो, मात्र मधल्या काळात चालू करून बघत बसलात तर तोही मार्ग जातो.

आवाज नाही, पण डिस्क दिसतच नाही, असं असेल तर आधी केबल बदला. हे ऐकायला साधं वाटतं, पण दुकानात आलेल्या कितीतरी डिस्क नुसत्या नव्या केबलने चालू होऊन परत गेल्यात. दुसरं, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला किंवा हबला न लावता मागच्या पोर्टला थेट लावा. यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलीअँपिअर देतो, यूएसबी 3 चा 900. जुन्या लॅपटॉपवर डिस्कला फिरायला पुरेसा करंटच मिळत नाही आणि आपण डिस्क गेली असं समजतो. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर असतो, तोही तपासा. आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होण्यात अ‍ॅडॉप्टर आधी जातो.

डिस्क दिसते, पण विंडोज म्हणतं "आधी फॉरमॅट करा". इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. फॉरमॅट मारू नका, आणि डिस्क दुरुस्त करायची चेकडिस्कची कमांडही चालवू नका, ती मरू घातलेल्या डिस्कवर लिहीत सुटते. आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं, त्यामुळे डिस्क मध्येच बंद पडली तरी बराच माल हाती आलेला असतो. मग त्या प्रतीवर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक हे फाइली परत मिळवणारं सॉफ्टवेअर चालवायचं. मूळ डिस्कला हात लावायचा नाही.

डीव्हीडी वाचत नसेल तर मऊ कापडाने मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून नाही. मग दोन-तीन वेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली चकती दुसरा ड्राइव्ह वाचतो, हे मी अनेकदा पाहिलंय. शेवटच्या फाइली आधी जातात, कारण लिहिणं मधून बाहेर होतं आणि बाहेरची कड आधी खराब होते. जेवढं वाचता येतंय तेवढं त्याच दिवशी उतरवून घ्या.

आता कारणाकडे

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 च्या आसपास जातो हे कोणाला सांगायला नको. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली, रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते. आता डिस्कच्या खोक्यावरचे किंवा कंपनीच्या माहितीपत्रकातले बारीक आकडे वाचा. बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कना चालू असताना आजूबाजूचं तापमान 5 ते 35 अंश सेल्सिअस लागतं. पस्तीस! आपल्या घरात एप्रिलपासून दुपारी पारा त्याच्या वरच असतो. बंद असताना बहुतेक डिस्क 65 पर्यंत सोसतात, म्हणजे कपाटात नुसती ठेवल्याने ती लगेच मरते असं नाही. मरते ती तापलेली असताना लावून सलग दोन तास कॉपी मारली की. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर मात्र 65 चा आकडाही गाठला जातो, तेव्हा गाडीत कधीच सोडू नका.

दुसरं कारण कूलर. ज्या खोलीत कूलर चालतो तिथेच कॉम्प्युटर असतो आणि ओली हवा थेट डिस्कवर येते. सोबत धूळ. यूएसबीच्या पिनांवर हिरवट डाग दिसतात ते त्याचेच. डिस्क कूलरच्या झोतात ठेवू नका. बंद डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या जुन्या झाल्या की बदला.

तिसरं कारण जरा आतलं आहे, पण समजून घेण्यासारखं आहे. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी (फिरणाऱ्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) यांच्यात डेटा म्हणजे बारीक कप्प्यांत कोंडलेला विजेचा भार. तो हळूहळू झिरपून जातो आणि उष्णतेत जास्त वेगाने झिरपतो. जुन्या चिपमध्ये एका कप्प्यात एकच बिट असायचा, म्हणजे भरलेला की रिकामा एवढंच ओळखायचं. आता स्वस्त मालात एका कप्प्यात तीन किंवा चार बिट असतात. चार बिटांसाठी भाराच्या सोळा वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात, त्यामुळे थोडा भार झिरपला तरी वाचण्यात चूक होते. जेडेक ही या उद्योगाची मानकं ठरवणारी संस्था आहे. तिच्या मानकात घरगुती एसएसडीने, लिहिण्याची सगळी क्षमता वापरून झाल्यावर, वीज न देता 30 अंशाला एक वर्ष डेटा धरून ठेवावा असं आहे. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून बरीच जास्त टिकते, घाबरायचं कारण नाही. पण अट 30 अंशांची आहे आणि आपली पत्र्याची खोली तीन-चार महिने त्याच्या कितीतरी वर असते. बाजारातल्या साध्या पेन ड्राइव्हवर तर असा कुठला आकडाच लिहिलेला नसतो.

म्हणून पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही ने-आण करायची साधनं आहेत, साठवायची नाहीत. माझं हे मत आता पक्कं आहे. भाच्याच्या कार्डाने आमची अकरा मिनिटं वाचवली हे खरं, पण ते आमचं नशीब. त्या भरवशावर कोणाला राहू देणार नाही.

खोट्या पेन ड्राइव्हबद्दल थांबून सांगायलाच हवं. 2024 च्या फेब्रुवारीत इथे अमळनेरला 97 वं मराठी साहित्य संमेलन झालं. एका निवृत्त सरांनी तिन्ही दिवस मन लावून मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं आणि ऑनलाइन स्वस्तात मिळालेल्या 2 टीबीच्या पेन ड्राइव्हवर भरलं. फाइलींची नावं सगळी दिसत होती, साइजही बरोबर. उघडायला गेलं की मोजक्या फाइली चालायच्या, बाकीच्यांत काहीच नाही. आतली चिप फक्त 64 जीबीची होती. ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर चिपला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं, यादी तेवढी दिसत राहते. सरांनी मोबाइलमधून सगळं आधीच डिलीट केलं होतं. तेव्हापासून मी विकत आणलेल्या कोणत्याही ड्राइव्हवर आधी एच2टेस्टडब्ल्यू चालवतो. हे मोफत सॉफ्टवेअर पूर्ण जागा भरून लिहितं आणि परत वाचून पडताळतं. मोठ्या ड्राइव्हला रात्र लागते. लागू द्या.

मग ठेवायचं कशावर

घरगुती डेटासाठी, म्हणजे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, सातबारा आणि खरेदीखताचे स्कॅन, मुलांचे दाखले, यांच्यासाठी मी आजही हार्ड डिस्कच सांगतो, आणि एक नाही, दोन. चुंबकीय नोंद दोन-चार वर्षांत आपोआप पुसली जात नाही. धोका असतो तो फिरणाऱ्या भागांचा आणि हेडचा, आणि तो वर्षातून दोनदा तपासलं तर बहुतेक वेळा आधी कळतो. दोन डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून घेऊ नका. एकाच खेपेचा माल एकाच दोषाने जाऊ शकतो. शक्य असेल तर साधी साटा डिस्क, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसते ती, आणि ती यूएसबीला जोडणारं वेगळं केसिंग घ्या. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्या सर्किटवरच जोडलेला असतो. तो पोर्ट तुटला की आतली डिस्क चांगली असूनही दुसरीकडे लावता येत नाही. साध्या डिस्कचं केसिंग गेलं तर नवीन आणायचं, काम संपलं.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो वापरा, मोफत आहे. त्यातल्या तीन ओळी बघायच्या, 05, सी5 आणि सी6. 05 च्या ओळीत शून्याहून मोठा आकडा दिसला तर काही खराब जागा बदलून झाल्यात, डिस्कवर नजर ठेवा. सी5 शून्य नसेल तर डिस्कला काही जागा आत्ताच वाचता येत नाहीयेत, सी6 वर आकडा आला तर दुरुस्तीचा प्रयत्नही फसलाय. अशा दिवशी दुसरं काही करू नका, आधी सगळं उतरवून घ्या. काही स्वस्त केसिंग ही माहिती पुढे जाऊच देत नाहीत, म्हणून केसिंग घेतानाच दुकानात लावून बघा.

डीव्हीडीचा काळ गेला, पण प्रश्न अजून विचारला जातो, कारण घरोघरी त्या पडून आहेत. घरी राइट केलेल्या साध्या डीव्हीडीत रंगाचा सेंद्रिय थर असतो, लेझर तो थर भाजून खुणा करतो. ऊन आणि उष्णता तोच थर खराब करतात. वर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर आणखी वाईट. सीडीत डेटाचा थर वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो, वरून ओरखडा गेला तरी सीडी संपते. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जरा दमदार. तुमच्या घरात 2005 ते 2015 मधल्या डीव्हीडी असतील तर त्या या पावसाळ्यात उतरवून घ्या, दिवाळीची वाट बघू नका.

एम-डिस्क नावाची चकती मिळते, तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी असेंद्रिय थर असतो. कंपनी हजार वर्षांचं बोलते. हजार वर्षांचं मी काय सांगणार, पण उष्णतेला ती साध्या डीव्हीडीपेक्षा चांगली हे तिच्या घडणीतूनच कळतं. ब्लू-रे प्रकारची 25 जीबीची चकती निवडक फोटो आणि कागदपत्रांना पुरते. अडचण वेगळीच आहे. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, आणि सोनीने 2025 च्या फेब्रुवारीत राइट करायच्या ब्लू-रे चकत्या बनवणं थांबवलं. ज्यांना हा मार्ग घ्यायचाय त्यांनी चकतीसोबत चांगला बाहेरचा ड्राइव्हही घेऊन ठेवावा.

टेपचा विचार घरासाठी करू नका. एलटीओ ही डेटा साठवायची चुंबकीय टेप कार्यालयांसाठी उत्तम आहे, पण तिच्या ड्राइव्हची किंमत घरच्या माणसाला परवडणारी नाही.

क्लाउड ही तिसरी प्रत म्हणून चांगली, एकटी म्हणून नाही. गूगल फोटोजवर 1 जून 2021 पासून फोटो 15 जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात. दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते वैयक्तिक अकाउंट आतल्या सगळ्यासकट डिलीट करू शकतं. गेलेल्या आजोबांच्या मोबाइलमधले फोटो त्यांच्या अकाउंटवर आहेत म्हणून निवांत बसलेली घरं मला माहीत आहेत, त्यांनी आजच ते डाउनलोड करावेत. आणखी एक, मोबाइलच्या फोटोज अ‍ॅपमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तो क्लाउडवरूनही जातो. एकमेकांशी जोडलेल्या दोन जागा म्हणजे दोन प्रती नव्हेत. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो हा मूळ फोटो नसतो, तो दाबून लहान केलेला असतो.

आखाजी ते दिवाळी

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. आमच्या घरात तो असा बसवलाय. एक डिस्क अमळनेरला खालच्या मजल्यावर, देवघराशेजारच्या भिंतीतल्या फडताळात, जिथे उन्हाची झळ सगळ्यात कमी लागते. दुसरी नाशिकला बहिणीकडे. निवडक फोटो, कागदपत्रं आणि ती अकरा मिनिटं क्लाउडवर. भाऊबीजेला ती येते तेव्हा तिच्याकडची डिस्क घेऊन येते आणि माझी घेऊन जाते. आखाजीला पुन्हा अदलाबदल. ती प्रवासात डिस्क कपड्यांच्या मध्ये गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवते, एसटीच्या रॅकवर टाकत नाही.

डिस्क हातात आली की नुसती उघडून फोल्डर दिसतात का एवढंच बघून भागत नाही. फाइल दिसते आणि फोटो अर्धा राखाडी निघतो. यासाठी पहिल्यांदा डेटा भरतानाच 7-झिप या सॉफ्टवेअरने सगळ्या फाइलींचे एसएचए-256 आकडे काढून एका छोट्या फाइलीत ठेवतो. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी हा आकडा पार बदलतो. सहा महिन्यांनी तेच आकडे परत काढून जुळवायचे. एखादा जुळला नाही तर दुसऱ्या डिस्कवरून ती फाइल घ्यायची. जुळवताना संपूर्ण डिस्क वाचली जाते, त्यामुळे खराब जागाही त्याच वेळी उघड्या पडतात. पाच-सहा वर्षं झाली की डिस्क चांगली चालत असली तरी नवी आणून तिच्यावर उतरवतो आणि जुनी जास्तीची प्रत म्हणून ठेवतो. बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरला कायम लावून ठेवू नका, व्हायरस आला किंवा वीज कडाडली तर मूळ आणि बॅकअप दोन्ही एकदम जातात.

आणि घरातले वीस-पंचवीस महत्त्वाचे फोटो चांगल्या कागदावर छापून घ्या. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखितं आहेत, ती वाचायला केबल लागत नाही.

डिस्कच्या डब्यावर आम्ही कागद लावलाय. आत काय आहे, कधी भरलं, शेवटचं कधी जुळवलं, पासवर्ड असेल तर घरात कोणाला माहीत आहे. हे वाचून तुम्ही आज कपाटातली डिस्क काढणार असाल तर एवढं करा. दुपारी लावू नका. रात्री खालच्या खोलीत फरशीवर ठेवा, कूलरपासून लांब. सकाळी सहाला, उन्हं यायच्या आत, मागच्या पोर्टला लावा. पहिल्यांदा सी5 चा आकडा बघा आणि तो शून्य असेल तरी सगळ्यात आधी ती फाइल कॉपी करा, जी पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाही.